प्रत्येकीची मात्रा

देवळात तीर्थ वाटले जाते तेव्हा पुजाऱ्याच्या हातातील पळी सर्वांस सारखीच असते. पुढे आलेला तळवा महाजनाचा की अंगण झाडणाऱ्याचा, बालकाचा की वृद्धाचा, हे ती पळी पाहत नाही. आणि तिने पाहू नये, यातच तीर्थाचे तीर्थपण आहे. औषधाचे मात्र तसे नाही. जी मात्रा एकास तारते तीच दुसऱ्यास जड जाते, हे आजीबाईच्या बटव्यालाही ठाऊक होते. चरकसंहितेत वैद्याने रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करावी असे सांगितले आहे, आणि त्या दहांत प्रकृती, शरीराचे प्रमाण, सात्म्य, आहारशक्ती, वय यांचा समावेश आहे. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस सर्व काही अवगत होते असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. ज्या किरणांविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत ते त्यांच्या स्वप्नातही नव्हते. परंतु रोग एक असला तरी रोगी निराळा असतो, हे सूत्र जुने आहे, आणि आजचे वैद्यक एका लांब वळशाने त्याच सूत्रापाशी येऊन पोहोचत आहे.

हा विषय आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाही. आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यांना २०११ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, डाव्या स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मुंबईस शस्त्रक्रिया झाली. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढला, काखेतील लसीकाग्रंथी काढल्या, स्तन राखला. आणि पुढे पाच आठवडे, शनिवार-रविवार वगळून दररोज, असे पंचवीस वेळा किरणोपचार झाले. फोंडा महालातील घर, तुळस आणि देऊळ सोडून ते दिवस त्यांनी गिरगावात आप्तांच्या दोन खोल्यांत काढले. रोग गेला तो परत आला नाही, ही देवीची कृपा आणि डॉक्टरांचे कौशल्य. हे सर्व आम्ही त्यांच्या संमतीने लिहीत आहोत. ती संमती मिळण्यास एका तपाहून अधिक काळ लागला, आणि तो काळ का लागला, हाच या लेखाचा खरा विषय आहे.

प्रथम किरणोपचार म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधून काढले, आणि पुढल्याच वर्षापासून ते कर्करोगावर वापरून पाहण्यास आरंभ झाला. हे किरण पेशीच्या गाभ्यातील डीएनएच्या धाग्यावर आघात करतात. निरोगी पेशीस तो तुटलेला धागा पुष्कळ अंशी सांधता येतो. कर्करोगाच्या पेशीस ती कला तितकीशी साधत नाही. म्हणून एकदम मोठा आघात न करता दररोज थोडा थोडा करावयाचा, म्हणजे मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात आणि रोगट पेशी खचत जातात. या मात्रेचे माप 'ग्रे' या एककात सांगतात. वहिनींस मिळालेली मात्रा ५० ग्रेची, पंचवीस भागांत वाटलेली. दशकानुदशके जगभर हीच वाटणी रूढ होती.

गाठ काढल्यावर पुन्हा किरण कशासाठी, असे कोणी विचारील. सतरा चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्याचे उत्तर मिळते. स्तन राखून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत दहा वर्षांच्या आत रोग उलटण्याचे प्रमाण किरणांविना ३५ टक्के होते. किरण दिल्याने ते १९.३ टक्क्यांवर आले. पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले. किरणांचा उपकार एवढा स्पष्ट आहे की त्याविषयी शंका घेण्यास जागा नाही, आणि हा लेख वाचून कोणी भगिनी किरणोपचार टाळील तर तो आमच्या लेखणीचा दुरुपयोग ठरेल.

तथापि हेच आकडे उलट बाजूनेही वाचून पाहावे. शंभर स्त्रियांपैकी पासष्ट जणींचा रोग दहा वर्षांत किरणांविनाही उलटला नसता. एकोणीस जणींचा किरण घेऊनही उलटला. उपकार झाला तो मधल्या पंधरा-सोळा जणींवर. परंतु त्या पंधरा-सोळा जणी कोणत्या, हे आधी ओळखण्याचा उपाय नव्हता. म्हणून शंभर जणींस किरण, आणि तेही एकाच मापाने. पळी सर्वांस सारखी!

आणि या उपचाराचे मोलही द्यावे लागते. कोणाची त्वचा काळवंडते व सोलते आणि महिन्याभरात पूर्ववत होते. कोणाच्या स्तनात वर्षांनंतर काठिण्य येते. कोणाचा हात सुजतो. डावा स्तन हृदयाच्या शेजारी असल्यामुळे तेथे आणखी एक चिंता असते. स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की हृदयास पोहोचणारी सरासरी मात्रा एका ग्रेने वाढली की हृदयविकाराच्या गंभीर प्रसंगांचे प्रमाण सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढते. तेव्हापासून हृदय वाचविण्याच्या युक्त्यांस अधिक महत्त्व आले. त्यांपैकी एक अगदी साधी आहे: किरण सोडतेवेळी रोग्याने श्वास आत भरून काही क्षण रोखून धरावयाचा, म्हणजे फुप्फुस फुगून हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते. आमच्या वाचकांस कुंभक हा शब्द परिचित आहे. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राखाली निजलेल्या स्त्रीस अखेर आपल्या श्वासाचाच आधार व्हावा, याची आम्हांस मौज वाटते.

मात्रेची वाटणीही बदलली आहे. ब्रिटनमधील चाचण्यांनी प्रथम दाखवून दिले की ४० ग्रे पंधरा भागांत, म्हणजे तीन आठवड्यांत, दिले तरी चालते. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २६ ग्रे केवळ पाच भागांत, एका आठवड्यात, देण्याचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडेही कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरमध्ये २०१९ पासून हायपोर्ट नावाची चाचणी या दोन वाटण्यांची तुलना भारतीय स्त्रियांत करीत आली आहे. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून मुंबईस वा मणिपालास जाणाऱ्या कुटुंबास पाच आठवड्यांचा एक आठवडा होणे म्हणजे काय, हे आम्ही निराळे सांगावयास नको. असे असले तरी पाच दिवसांची पळी हीसुद्धा पळीच. ती लहान झाली, प्रत्येकीची झाली नाही.

ही प्रत्येकीची मात्रा ठरविण्याच्या कामी आता कृत्रिम बुद्धिमत्ता पुढे आली आहे. तिची कामे दोन प्रकारची आहेत, आणि ती निरनिराळी समजून घेतली पाहिजेत.

पहिले काम रेखाटनाचे. किरण देण्यापूर्वी रोग्याच्या छातीचे शेकडो आडवे छेद सीटी यंत्राने टिपले जातात, आणि त्या छेदांवर हृदय कोठे, फुप्फुस कोठे, किरण कोठे पडावे, कोठे पडू नये, याच्या रेषा डॉक्टरांना हाताने काढाव्या लागतात. एकाग्रतेचे, वेळ खाणारे हे काम. यंत्र त्या रेषा काही मिनिटांत काढून देते. इंग्लंडमधील ज्या संस्थेवर उपचारांची पारख करण्याची जबाबदारी आहे त्या नाइस संस्थेने २०२३ साली अशी यंत्रे वापरण्यास मान्यता दिली. मात्र अट अशी की प्रत्येक रेषा जाणत्या माणसाने तपासून घेतली पाहिजे. आम्हांस ही अट फार योग्य वाटते. शिष्य कितीही चलाख असला तरी पहिली काही वर्षे त्याच्या हातची पूजा गुरूने पाहावी, तसेच हे.

दुसरे काम भविष्यकथनाचे, आणि आमच्या विषयाशी त्याचाच निकट संबंध आहे. कोणत्या स्त्रीस किरणांचा त्रास अधिक होईल, हे आधी सांगता आले तर तिच्यापुरती योजना बदलता येईल. युरोपात प्री-ॲक्ट नावाचा एक प्रकल्प यावर काम करीत आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे संशोधक त्यात आहेत. मार्च २०२४ मध्ये मिलान येथे भरलेल्या युरोपीय स्तनकर्करोग परिषदेत त्यांनी आपले पहिले फळ मांडले. शस्त्रक्रिया व किरणोपचार झाल्यानंतर तीन वर्षांच्या आत हात सुजेल की नाही, हे सांगण्यास त्यांनी संगणकास शिकविले. शिकवणीसाठी ६,३६१ स्त्रियांची माहिती वापरली, आणि जो नमुना सर्वांत चांगला ठरला तो स्त्रीच्या व तिच्या उपचारांच्या बत्तीस लक्षणांचा विचार करून उत्तर देतो.

हे ऐकून आम्हांस गोव्याच्या खेड्यातील जुन्या वयजिणीची आठवण झाली. शेकडो बाळंतपणे पाहिलेली ती स्त्री अंगणातून चालत येणाऱ्या गर्भवतीकडे नजर टाकून सांगे की हिचे जड जाणार, डॉक्टरला आधी कळवा. तिने कोणते ग्रंथ वाचले नव्हते. तिने पाहिले होते आणि लक्षात ठेवले होते. यंत्राची विद्या याच जातीची आहे. फरक एवढाच की वयजिणीस 'कशावरून?' असे विचारले तर ती हसे. प्री-ॲक्टच्या मंडळींचा आग्रह असा की यंत्राने आपल्या उत्तराचे कारणही सांगावे, म्हणजे डॉक्टरांना ते रोग्यास समजावून देता येईल.

आता या यंत्राची पारख करू. जिचा हात पुढे सुजणार होता तिला त्याने सरासरी ८१.६ टक्के वेळा बरोबर ओळखले. जिचा सुजणार नव्हता तिला ७२.९ टक्के वेळा. याचा अर्थ असा की सूज येणाऱ्या शंभर जणींपैकी अठरा जणींस यंत्र 'भय नाही' असे सांगेल, आणि सूज न येणाऱ्या शंभर जणींपैकी सत्तावीस जणींस उगाच सावध करील. हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. परंतु सावध केलेल्या स्त्रीवर कोणते संकट कोसळते? तिला उपचार चालू असतानाच दंडावर घालावयाचा ताणपट्टीचा बाहू देता येतो. ग्रंथींवर किरण देण्याचा लाभ जेथे काठावरचा असेल तेथे ते द्यावे की न द्यावे याची चर्चा तिच्याशी करता येते. तिच्या हातावर अधिक लक्ष ठेवता येते. एवढ्यासाठी थोडी जास्त सावधगिरी परवडण्यासारखी आहे. यंत्राच्या अशा सल्ल्याने प्रत्यक्ष लाभ होतो की नाही, हे पाहण्यासाठी रोग्यांवरील चाचणीही या प्रकल्पात आखली आहे. आणि लाभ सिद्ध होण्यापूर्वी कोणी जयघोष करू नये, हे शास्त्राच्या शिस्तीस धरूनच आहे.

येथवर वाचून वाचक म्हणतील, उत्तम आहे; हे यंत्र आपल्याकडे येईल तेव्हा आपल्या लेकीसुनांचाही त्रास चुकेल. आम्हीही प्रथम असेच म्हणालो. मग आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो अद्याप तेथून हललेला नाही. या यंत्रास हे सर्व कोणी शिकविले?

शिकविले त्या ६,३६१ स्त्रियांनी. त्यांनी आपले हात मोजू दिले. एकदा नव्हे, पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे. जड वाटते का, बोटे आखडतात का, रात्री दुखते का, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली. यंत्र हुशार आहे म्हणून त्याला कळते असे नाही; त्या स्त्रिया बोलल्या म्हणून त्याला कळते. आणि त्या स्त्रिया बहुतांशी युरोपातील आहेत. सूज कोणास येते याची काही कारणे सर्वत्र सारखी आहेत: काखेतील ग्रंथी किती काढल्या, त्या जागी किरण दिले की नाही, शरीराचे वजन किती. परंतु आमच्याकडे हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने सुमारे दशकभर आधीच्या वयात दिसतो, आणि पुष्कळदा वाढलेल्या अवस्थेत दिसतो. आमच्या स्त्रियांची देहयष्टी निराळी, हातांची कामे निराळी. विहिरीचे पाणी ओढणारा, आडोळीवर नारळ खवणारा, शेणाने अंगण सारवणारा हात त्या युरोपीय नोंदवह्यांत किती असेल? यंत्राने जे पाहिले नाही त्याविषयी ते अज्ञान कबूल करील तर बरे. धोका असा की ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल.

मग आमच्या स्त्रियांच्या नोंदी का नाहीत? भारतात स्तनाचा कर्करोग हा स्त्रियांतील सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक अंदाजानुसार एकट्या २०२२ साली आपल्या देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रोगी झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया मृत्यू पावल्या. तेव्हा रोगी कमी म्हणून नोंदी कमी, असे नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा कार्यक्रम १९८१ पासून चालू आहे. त्यात रोग कोणास झाला आणि कोण दगावले, हे मोजतात. बरी होऊन घरी गेलेल्या स्त्रीचा हात पुढे कसा राहिला, हे मोजण्याची ती वही नव्हे. ती गोष्ट त्या स्त्रीनेच कोणास तरी सांगावी लागते.

आणि येथे आम्ही वहिनींकडे वळतो.

वहिनींच्या हाताला सूज येऊ लागली ती २०१३ साली. प्रथम संध्याकाळी यावी, सकाळी उतरावी. मग उतरेनाशी झाली. त्यांनी ब्लाउजचे हात लांब शिवून घेतले. नवरात्रात मखराच्या उत्सवासाठी देवीला अबोलीचे वळेसर करण्याचा मान आमच्या घरात त्यांचा. तो त्यांनी 'डोळ्यांना दिसत नाही' असे सांगून धाकट्यांकडे सोपविला. कासाराकडून त्या दोन हातांसाठी दोन मापांची कांकणे घेत. दहा वर्षे ही गोष्ट त्या कासारास ठाऊक होती. घरात दुसऱ्या कोणास नव्हती. २०२३ च्या नवरात्रात आमच्या सौभाग्यवतींनी देवळातील पंगतीच्या वेळी त्यांच्या हातातील कांकणे पाहिली आणि त्यांना बाजूस नेऊन विचारले, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "हात मात्सो जड जाला, इतलेंच. जीव वाटावलो न्हय गे?"

आम्हांस त्या उत्तराचा राग येत नाही. त्यात एक प्रकारची कृतज्ञता आहे आणि ती खरी आहे. ज्याने जीव वाचविला त्याच्याकडे हाताची तक्रार काय घेऊन जावयाचे, असा तो भाव. परंतु त्या दहा वर्षांत काय घडत होते ते पाहा. मुंबईच्या त्या रुग्णालयाकडून वर्षातून एकदा विचारणा होई. दोनदा तर त्या स्वतः तपासणीसही गेल्या. प्रत्येक वेळी 'काही त्रास आहे का?' या प्रश्नास त्यांनी 'नाही' असे उत्तर दिले, आणि लिहिणाऱ्याने 'तक्रार नाही' असे लिहिले. लिहिणाऱ्याचा काय दोष? ऐकले तेच त्याने लिहिले. त्या वहीत वहिनींचा हात आजवर निरोगी आहे. उद्या एखादे यंत्र ती वही वाचून शिकू लागले तर ते असे शिकेल की बावन्न वर्षांची, काखेतील ग्रंथी काढलेली, पन्नास ग्रे घेतलेली गोव्यातील स्त्री या त्रासातून सुखरूप सुटते. आणि तशीच दुसरी एखादी स्त्री पुढे आली म्हणजे ते तिला सांगेल, तुला भय नाही.

न सांगितलेली व्यथा आपल्यापाशीच राहते, दुसऱ्या कोणाचे ती काही घेत नाही, असे आपण समजत आलो. यंत्राच्या या युगात ती समजूत खरी राहिली नाही. एकीचे मौन आता नोंद म्हणून लिहिले जाते, आणि त्या नोंदीवरून दुसरीची मात्रा ठरू शकते.

हे मौन कोठून येते हे आमच्या समाजात कोणास सांगावयास नको. अवयवाचे नाव घेणेही संकोचाचे. मग त्याची व्यथा कोण उच्चारणार? घरात लग्नाची मुलगी असली की आईचा कर्करोग म्हणजे स्थळे परत जाण्याचे कारण, असे भय असते. काही वेळा ते भय निष्कारणही नसते. अशी परत गेलेली स्थळे आम्ही पाहिली आहेत. आणि या सर्वांवर 'भोग आहे, भोगला पाहिजे' हे वाक्य. आम्ही कर्मसिद्धान्ताचा उपहास करणारे नव्हे. परंतु वहिनींनी रोग झाला तेव्हा तो भोग म्हणून सोसला नाही. मुंबईस जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. मग त्यामागोमाग आलेली सूजच तेवढी भोग कशी? तीही उपचारास पात्र आहे. वेळीच कळली तर ताणपट्टी, व्यायाम, मर्दन आणि त्वचेची निगा यांनी ती पुष्कळ आटोक्यात राहते. उशीर झाला तर ती हटण्यास कठीण.

याउलट एक शंका प्रामाणिकपणे घेतली जाते, तिचा विचार केला पाहिजे. आमच्या स्त्रियांच्या देहाची माहिती यंत्रांच्या हवाली करणे योग्य काय? ती कोणाच्या हाती जाईल? शंका रास्त आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली आरोग्याच्या क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नीतिनियम प्रसिद्ध केले. रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती, माहितीची गुप्तता आणि यंत्रावर माणसाची देखरेख यांवर त्यांचा भर आहे. नियम कागदावर असणे आणि पाळले जाणे यांत अंतर असते, हे आम्ही जाणतो. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, विचारावे, न पटल्यास नाकारावे. परंतु विचारपूर्वक दिलेला नकार निराळा, आणि लाजेने गिळलेले उत्तर निराळे. पहिला हक्क आहे. दुसऱ्याने कोणाचेच रक्षण होत नाही; उलट 'तक्रार नाही' या खोट्या नोंदीस तो जन्म देतो.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या देवळांत नवरात्रात, चैत्रात, श्रावणातल्या शुक्रवारी हळदीकुंकवास स्त्रिया जमतात. तेथे वाण देताना-घेताना सर्व विषय निघतात. हा एक निघत नाही. तो काढण्यास व्याख्यात्याची गरज नाही. जिने किरणोपचार घेतले आहेत तिने दुसरीस एवढे सांगावे की शिंप्याची टेप घेऊन महिन्यातून एकदा दोन्ही हात त्याच त्याच जागी मोजावे. कांकण घट्ट झाले, बाहीचा वण दंडावर राहिला, हात जड वाटला तर सूज डोळ्यांस दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांस दाखवावे. आणि तपासणीच्या वेळी 'बरी आहे' हा लोकाचार बाजूस ठेवून जे आहे ते सांगावे. पुरुषांनी करावयाचे ते याहून सोपे आहे. सोबत जावे, आणि बाईच्या वतीने उत्तर देऊ नये.

इतके झाले तर आपल्याकडील संशोधकांच्या हाती खऱ्या नोंदी पडतील, आणि जे यंत्र उद्या आमच्या रुग्णालयांत येईल ते आमच्या स्त्रियांकडूनही शिकलेले असेल. एकीकरिता पाच दिवस, दुसरीकरिता पंधरा. एकीच्या काखेवर किरण, दुसरीच्या नाही. एकीस पहिल्या दिवसापासून ताणपट्टी, दुसरीस तिची गरजच नाही, असा निर्णय तिच्याशी बोलून करता येईल. शेवटचा शब्द यंत्राचा असू नये हे आम्ही वर म्हटलेच आहे. तो डॉक्टरांचा आणि त्या स्त्रीचा असावा. परंतु यंत्राचा शब्दही खरा असावयास हवा असेल तर त्याच्या कानी खरे पडले पाहिजे.

वहिनींस आम्ही गोव्यातीलच एका डॉक्टरांकडे नेले. तेथील बाईंनी टेपने दोन्ही हात मोजले. दोन हातांत दोन सेंटिमीटरांहून अधिक फरक आढळला तर सूज धरण्याचा प्रघात आहे. कोपराच्या वर वहिनींचा डावा हात उजव्याहून साडेतीन सेंटिमीटर अधिक भरला. ताणपट्टी व व्यायाम सुरू झाले. हात पूर्वीसारखा होणार नाही, पण जडपणा कमी झाला आहे. घरी आल्यावर त्यांनी मुंबईच्या त्या रुग्णालयास पत्र लिहिले. मजकूर काय लिहावा, असे त्यांनी आम्हांस विचारले नाही. लिहून झाल्यावर केवळ शुद्धलेखन पाहण्यास दिले. त्यात काही दुरुस्त करण्यासारखे नव्हते. आपला नोंदणी क्रमांक घालून त्यांनी दोनच वाक्ये लिहिली होती: 'माझ्या डाव्या हातास २०१३ पासून सूज आहे. पूर्वी विचारले तेव्हा सांगितले नव्हते; आता नोंद करावी.'